दुधी विरुद्ध उखळ

आमच्या घरी जेवताना भांडणं व्हायची ती कोपऱ्यांवरून. शेताच्या न्हाई, फोटोच्या! फोटोचे चारी कोपरे मधल्या भागाइतके स्पष्ट येतात, का तिथं जाऊन सगळं पातळ पिठल्यासारखं पसरतं, यावरून अण्णा आणि मामा भरल्या ताटावरून उठायचे. आई म्हणायची, "अहो पण कोपऱ्यात बसतं कोण? नवरा-नवरी मधीच असतेत ना?" यावर दोघंही तिच्याकडं असं बघायचे, जसं काही तिनं देवाला नावं ठेवली.

थांबा, आधी दुकानं सांगते, न्हाईतर काहीच कळायचं न्हाई.

वसमतला बसस्टँडकडून गावात येताना रस्त्याच्या डाव्या हाताला आमचा फोटो स्टुडिओ. अण्णांचा, म्हणजे माझ्या वडलांचा. आणि उजव्या हाताला, बराबर समोर, मामाचा. सख्खा मामा, आईच्या पाठचा. अण्णांच्याच हाताखाली फोटो काढायला शिकला आणि शिकल्यावर समोरचाच गाळा घेतला. अण्णा म्हणायचे, "गावात एवढे गाळे असताना पाव्हण्यांना हाच काहून सापडला?" मामा म्हणायचा, "दाजींवर लक्ष ठेवायला. अक्काला दिलंय आमी त्या घरात."

आधी आमचा जिल्हा परभणी. परभणीत मोठमोठे स्टुडिओ, त्यामुळं बोर्डावर फुशारकी मारायची काही सोय नव्हती. मग हिंगोली वेगळा जिल्हा झाला. लोकांनी पेढे वाटले, फटाके उडवले. अण्णांनी पेंटर बोलावला. स्टुडिओच्या नावाखाली लालभडक ऑइलपेंटनं ओळ लिहून घेतली: जिल्ह्यात नंबर एक. मामा समोरून चहा पीत बघत होता. पेंटर आमच्याकडून शिडी खांद्यावर घेऊन निघाला तो रस्ता ओलांडून सरळ मामाकडं! डब्यात उरलेला तोच लाल रंग, तीच ओळ. दोन्ही बोर्ड स्टँडकडं तोंड करून, जरा तिरपे. त्यामुळं यष्टीतून उतरून येणाऱ्या माणसाला जिल्ह्यातले दोन नंबर एक एकदमच दिसायचे.

अण्णांचा त्या ओळीवर लई जीव. रोज सकाळी शटर उघडायच्या आधी स्टुलावर चढून ओल्या फडक्यानं बोर्ड पुसायचे. स्टुडिओच्या नावावरून एकच हात फिरायचा, आणि ती ओळ मात्र लेकराचं तोंड पुसावं तशी.

बरीच वर्षं हे असंच हसत-खेळत चाललं. मग रोलचे कॅमेरे गेले, डिजिटल आले, आणि मामानं हैदराबादहून ती पांढरी लेन्स आणली. झूम. हातभर लांब, पांढरीशुभ्र, खाली बुडाला गोल. मामा ती गळ्यात अडकवून नुसता पानटपरीपर्यंत जायचा, फोटो काढायचे नसले तरी! अण्णांनी एकदा बघितली आणि म्हणले, "हा दुधी कोणत्या मळ्यातला?" झालं, तेव्हापासून तिचं नाव दुधी.

आता इथं मी आले. मी तेव्हा कॉलेजला होते, आणि स्टँडमागच्या सायबर कॅफेत माझं अर्धं आयुष्य चाललं होतं. तिथं मला सापडली लेन्सवाल्या लोकांची वेबसाईट! जगभरातले लोक रात्रंदिवस एकच भांडण करून राहिलेत, कोणती लेन्स चांगली. म्हणजे अण्णा आणि मामाच, पण इंग्रजीतून. आणि हे लोक लेन्स तपासायला फोटो कशाचे काढतात माहितीय? विटांच्या भिंतीचे! कॅफेतलं नेट इतकं हळू की ती भिंत वरून खाली एकेक वीट उतरायची, गवंडी काम करून राहिल्यासारखी. तेवढ्या वेळात मी डिक्शनरी घेऊन खालचं सगळं वाचून काढायची. कडा किती टोकदार आहेत, कोपरे ढिले पडतात का, चमकत्या वस्तूच्या भोवती जांभळी किनार येते का, उजेड समोरून आला की फोटो पांढुरका होतो का. मी तर येडी झाले. घरी जाऊन अण्णांना म्हणलं, आपण झूम घ्यायचीच न्हाई, आपण फिक्स घ्यायची. ती मागं-पुढं होत न्हाई, आपणच मागं-पुढं व्हायचं, पण तिची काच बघा!

अण्णांनी माझं ऐकलं. चक्क ऐकलं! आमची लेन्स आली. काळी, बुटकी, जाडजूड, आणि तोंडाला ही एवढी मोठी काच. मामा रस्ता ओलांडून बघायला आला, हातात घेऊन वजन केलं आणि म्हणला, "भाचीबाई, ह्या उखळात काय कुटायचं?"

तर दुधी आणि उखळ. त्या दिवसापासून दोन्ही दुकानांत गिऱ्हाईक कमी आणि वाद जास्त. शेवटी नवरात्रात एके दिवशी आमच्या काउंटरवर मामानं थाप मारली.

"दाजी, असं किती दिवस बोलायचं? एकदा लावूच. ज्याची काच हरली त्यानं आपल्या बोर्डावरची ओळ पुसायची. स्वतः शिडीवर चढून, भर दुपारी."

अण्णांनी बोर्ड पुसायचं फडकं उचललं आणि त्याची घडी घालायला लागले. मला वाटलं आता न्हाई म्हणतील. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, जोरात. अहो मी सगळं वाचलं होतं ना!

"मंजूर," अण्णा म्हणले. "पण फोटो कशाचा काढायचा?"

"विटांच्या भिंतीचा," मी म्हणलं.

दोघं इतके हसले की बाहेरचा कुल्फीवाला आत डोकावला. मामा म्हणला, "भिंतीचं लगीन लागतं का गं? उद्या भिंत येऊन म्हणणार हाय का, माझे फोटो चांगले आले न्हाईत?"

आणि ते ऐकून मला एकदम सुचलं. याडी!

याडी म्हणजे औंढ्याच्या रस्त्यावर जो तांडा आहे तिथली म्हातारी. त्यांच्या बोलीत आईला याडी म्हणतात, आणि तिला सगळा तांडाच याडी म्हणायचा, मग आमीही. ती दोन्ही दुकानांची गिऱ्हाईक, आणि दोन्ही दुकानांत तिनं फोटो परत केलेले. रेशनकार्डाचा फोटो अण्णांच्या तोंडापुढं धरून म्हणली होती, "ही कोण बाई? हिला मी ओळखत न्हाई." तोच प्रकार मामाकडं. दोघं तिला घाबरायचे. आणि तिचा तो जुना कपडा! घेरदार फेटिया आणि कांचळी, म्हणजे त्यांचा घागरा आणि चोळी, सगळीकडं बारीक टाके, आणि टाक्या-टाक्यांत बसवलेले नखाएवढे आरसे. विटांच्या भिंतीच्या बापाला जमायचं न्हाई असं ते काम. बारीक धागा आहे, कडा आहेत, चमक आहे. लेन्सची सगळी परीक्षा एका बाईच्या अंगावर.

ठरलं. दसऱ्याला सकाळी तांड्यावर फोटो, दुपारी आमच्या कॉम्प्युटरवर निकाल बघायचा, पण शेवटचा शब्द याडीचा. ती कागदावरचा जो फोटो 'हा माझा' म्हणून घेईल ती लेन्स जिंकली. ही अट अण्णांनीच घातली. मी म्हणत होते कॉम्प्युटरवर मोजू, तर म्हणले, "गप. गिऱ्हाईक मोठं का तुझं कॉम्प्युटर?" हे वाक्य नीट लक्षात ठेवा.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडं त्या दिवशी हत्यारांची पूजा. शेतकरी विळा-कोयता मांडतो, टेलर मशीन मांडतो, आमी कॅमेरे मांडतो. पाटावर लाल कापड, त्यावर जुना रोलचा कॅमेरा, नवा कॅमेरा, फ्लॅश, ट्रायपॉड भिंतीला टेकवलेला, आणि मधोमध उखळ. आई हळद-कुंकू घेऊन आली. सगळ्यांना बोट लावत लावत उखळापाशी आली आणि झाकणाला हात घातला. मी अशी झडप मारली!

"आई, काच! काचेला न्हाई लावायचं! झाकणाला लाव."

"झाकणाला काय लावायचं? झाकण काय फोटो काढतं व्हय?"

"झाकणालाच लाव!"

तिनं तोंड वाकडं करून झाकणाला लावलं. मग ताट घेऊन ती रस्ता ओलांडून मामाकडं गेली, कारण मामी माहेरी जवळा बाजारला गेलेली आणि भावाच्या दुकानाची पूजा तशीच राहिली असती. मी काही गेले न्हाई. मी इकडं बॅटऱ्या चार्ज करून राहिले होते. मामा झेंडूची फुलं आणायला गेलेला. म्हणजे तिकडं आई आणि दुधी, दोघीच.

दसऱ्याला सकाळी आमी तांड्यावर. याडी बाजेवर बसून तयारच होती, सगळा साज घालून, कोपरापर्यंत बांगड्या. पोरं जमली, बाया जमल्या. मी ट्रायपॉड ठोकला आणि सगळ्यांना दम दिला. कॅमेरा एकच, आमचा. त्यावर दोन्ही लेन्सा बसत होत्या. जागा तीच, उजेड तोच, रंगाचं सेटिंग मी एकदा लावून टाकलं ते लावूनच टाकलं. फक्त लेन्स बदलायची. उखळ किती जवळ आणतं तो आकडा दुधीवर लिहिलेलाच न्हाई, म्हणून उखळाच्या फोटोत याडी जेवढी मोठी येईल तेवढीच येईपर्यंत दुधी फिरवायची. मामा कानाशी: "भाचीबाई, माझ्या दुधीच्या वेळी धक्का मारू नकोस बरं का." अण्णा दुसऱ्या कानाशी: "तिची बोटं न्हाई हालत, तुझीच जीभ हालून राहिली."

याडी ओरडली, "अरे, दोन बाप्ये अन् एक पोरगी, एका म्हातारीचा एक फोटो काढायला! लगीन काढलं असतं तर बैलगाडीभर आले असते काय रे तुमी?"

सगळा तांडा हसला. मी बटण दाबलं. मग लेन्स बदलली, दुधीचं झाकण मामानं स्वतः काढलं, आणि परत दाबलं; उन्हात मागच्या बारक्या स्क्रीनवर काही नीट दिसंना. आणि आमी निघालो.

दुपारी दुकानात शटर अर्धं खाली. मी खुर्चीवर, मागं अण्णा आणि मामा, दोघांचे श्वास माझ्या मानेवर. आधी उखळाचा फोटो उघडला आणि मोठा केला, अजून मोठा, पार पूर्ण.

काय सांगू तुमाला! कांचळीचा एकेक टाका मोजून घ्या. धाग्याचा पीळ दिसत होता. याडीच्या गालावरची एकेक सुरकुती, भुवईतला पांढरा केस, सगळं. आणि आरसे! प्रत्येक आरशात आमी! नखाएवढ्या आरशात मी ट्रायपॉडवर वाकलेली, मागं अण्णा कमरेवर हात ठेवून, आणि मामा तोंड उघडून काहीतरी बोलून राहिलेला. अण्णांनी स्क्रीनवर बोट टेकवलं.

"पाव्हणं, तुमचा पडलेला दात दिसून राहिला! याडीच्या आरशात!"

मामानं पटकन तोंड मिटलं, जसं काही आत्ता मिटून फोटोतला दात परत येणार होता.

मग दुधीचा फोटो उघडला. आणि मी बघतच राहिले. सगळं ढिलं. आरशांत आमी कुणीच न्हाई, नुसते पिवळे गोळे, दिवाळीच्या पणत्यांसारखे, प्रत्येकाभोवती धुक्याचं कडं. सुरकुत्या गायब. सगळ्या फोटोवर संध्याकाळी पडतं तसलं ऊन, आणि फोटो तर सकाळचा!

मामा खुर्चीच शोधायला लागला. "माझी दुधी अशी न्हाई," तो म्हणला, एकदम बारीक आवाजात. "दाजी, माझी दुधी अशी न्हाई." अण्णा मात्र बाहेर जाऊन शिडी कुणाकडं मिळंल ते विचारून आले.

पण मला काही ते बराबर वाटंना. एवढी महाग काच असं कधी करत न्हाई. कोपरे ढिले पडले तर पडू दे, पण इथं तर मधोमधच लापशी झाली होती. मी दुधी उचलली, दारात उजेडाला नेली आणि तिरपी धरली. काचेवर पिवळा पापुद्रा. आणि पापुद्र्यात बारीक बारीक रेघा, कापडाच्या विणीच्या. मी नाक लावलं.

हळद! आपली वसमतची हळद, आणि निरांजनातलं तेल!

"आई!" मी अशी ओरडले की आई मागच्या खोलीतून लाटणं घेऊनच आली.

"काय झालं?"

"तू काल मामाच्या काचेला हळद लावली?"

"व्हय. मग?" आईला काही कळेचना यात काय एवढं. "मोटरसायकलला मी दिव्यावर लावते, तराजूला काट्यावर लावते. जिथनं बघतं तिथं लावायचं असतं. तू तिकडं नव्हती म्हणून नीट पूजा झाली बिचाऱ्याची. कुंकू जरा जास्त झालं, मग पदरानं पुसलं."

"पदरानं पुसलं!" अण्णा, मामा आणि मी, तिघं एकदम. आयुष्यात पहिल्यांदा तिघांचं एकमत झालं असंल.

म्हणजे कुंकू गेलं आणि हळद सगळ्या काचेवर पसरली. जी हळद नखावरून आठ-आठ दिवस जात न्हाई ती काय काचेवरून जाणार? मामा उड्या मारायला लागला, "रद्द! रद्द! अक्का, तू दाजींकडून हाय का माझ्याकडून?" अण्णा म्हणायला लागले, "रद्द कसं? काच आपली आपण सांभाळायची असते. झाकण काढताना डोळे कुठं होते?" आई लाटणं हलवून म्हणायला लागली, "पूजेला नावं ठेवतेत मेले." आणि एवढ्यात अर्ध्या शटरखालून वाकून कोण आत आलं? याडी. दसऱ्याचं सोनं द्यायला गावात आली होती, आपट्याची पानं हातात.

"माझा फोटो दाखवा."

आता आली का पंचाईत! मी दोन्ही फोटोंचे कागद काढलेले होतेच, एकाच मापाचे. काही सांगायच्या आधी तिनं दोन्ही माझ्या हातातून घेतले आणि दारात उजेडाला जाऊन उभी राहिली. आमच्या उखळाचा फोटो बघितला, लई वेळ. अण्णा हसू दाबून राहिले. मग तिनं मान हलवली.

"ही माझी सासू हाय."

मग दुसरा बघितला. तिचा चेहराच बदलला. पदर जरा सारखा केला, फोटोत न्हाई, खरा.

"ही मी. हा माझा."

"याडी, अवो थांबा," अण्णांचा आवाज चिरकला, "ती काच खराब झाली होती. हळद लागली होती तिला! त्यामुळं ते तसं दिसून राहिलं."

"मग?" याडी म्हणली. "हळद लागल्यावर कोण वाईट दिसलंय आजपर्यंत?"

आणि फोटो कांचळीत खोचून, सगळ्यांच्या हातावर आपट्याचं पान ठेवून ती गेलीसुद्धा. सासू तेवढी काउंटरवर ठेवून.

मामाला हसावं का रडावं कळेना. त्याची लेन्स हरली होती आणि तो जिंकला होता. मी अण्णांना म्हणलं, "हे काही खरं न्हाई हो, मी काच पुसते, परत फोटो काढू, मी लगेच काढते..." पण अण्णा कधीचेच स्टुलाखालून रॉकेलची बाटली काढून राहिले होते.

"गिऱ्हाईक मोठं का तुझं कॉम्प्युटर," ते म्हणले. स्वतःलाच म्हणले.

बाहेर शिडी आली. दसऱ्याची दुपार, सगळं गाव रस्त्यावर, अण्णा शिडीवर. खाली मी शिडी धरून, आणि मला खरंच रडू येऊन राहिलं होतं, कारण ती लेन्स मी निवडली होती. अण्णांनी फडकं भिजवलं आणि पत्र्याच्या तुकड्यानं रंग खरवडत उजवीकडून पुसायला सुरुवात केली. आधी 'एक' गेलं. मग 'नंबर' गेलं. मग ते फडकं झटकून खाली उतरले.

"दाजी, अजून राहिलं," मामा रस्त्यापलीकडून ओरडला. "'जिल्ह्यात' कोण पुसणार?"

"ते काहून पुसू?" अण्णा शांतपणे म्हणले. "जिल्ह्यात तर आमी हावोतच ना? का जिल्ह्यातनं पण काढता आमाला?"

लोक हसायला लागले. मामाही हसायला लागला, दात दाखवून, जे होते ते. पण आई हसली न्हाई. ती लाटणं घेऊन तशीच रस्ता ओलांडून गेली आणि मामाच्या बोर्डाखाली उभी राहिली.

"तू पण चढ."

"मी काहून? मी जिंकलो!"

"तुझी दुधी न्हाई जिंकली. माझं बोट जिंकलं. चढ म्हणते ना? न्हाईतर या भाऊबीजेला ओवाळायला तुझ्या दुधीलाच बोलावते."

मामा चढला. रॉकेल आमचंच. पण तोही याच घरात शिकलेला ना! त्यानं डावीकडून सुरुवात केली, 'जिल्ह्यात' तेवढं पुसलं आणि खाली उतरला.

"नंबर एक तर मी हायच," तो म्हणला. "कुठं ते न्हाई सांगत बसत."

दुधीची काच मी नंतर नीट साफ केली, स्पिरिट लावून, कापसानं, आणि परत टेस्ट घेतली. मागच्या गल्लीतल्या विटांच्या भिंतीवर. ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं भोक, पूर्ण उघडं ठेवलं तर मधोमध आपलं उखळ जरासक सरस, कोपऱ्यांत दुधी सरस, आणि ॲपर्चर थोडं बारीक केलं की दोघींत काही फरक म्हणून न्हाई. मी हे दोघांनाही सांगितलं. कुणीही मान वर केली न्हाई. कारण तोपर्यंत अख्ख्या तांड्याला याडीसारखा फोटो पाहिजे झाला होता, आणि मामा लेन्सच्या तोंडावर बसवायची साधी काच घेऊन आईपुढं उभा होता, "अक्का, लाव गं जरा, पदर पण फिरव." आणि अण्णा त्याच्या मागं, नंबर लावून, हातात तसलीच आमची काच.

सासूचा फोटो मात्र मी ठेवलाय. भिंगातून बघितलं की अजून प्रत्येक आरशात आमी तिघं आहोत, भांडत.

आणि स्टँडकडून या कधी. आधी डावीकडं आमचा बोर्ड दिसतो: जिल्ह्यात. मग उजवीकडं मामाचा: नंबर एक. नवीन माणूस वाचत वाचत रस्त्याच्या मधी थांबतो आणि विचारतो, म्हणजे नेमकं कोणतं दुकान? अण्णा आणि मामा दोघंही आतूनच ओरडतात, "या, इकडं या!"